मान का वळवतोस?

"बाई, तुम्ही आमाला नक्की काय शिकवणार?" कँटीनच्या मागच्या बाकावरून रंगरावनं विचारलं आणि सगळे हसले.

बाई समोर उभ्या होत्या. पन्नाशीला आलेल्या, अंगानं बारीक, पायात कंपनीनं दिलेले सेफ्टी शूज. आमच्याकडं बायकांच्या मापाचे बूट नव्हतेच. त्यामुळं बाई चालल्या की आधी पाय पडायचा आणि मग बूट. शर्वरी टिपणीस त्यांचं नाव, पुण्याहून आल्या होत्या. आमचे मॅनेजर कारखानीस साहेब 'सेफ्टी कोच' अशी त्यांची ओळख करून देऊन केबिनमध्ये निघून गेले होते.

"मी काहीच शिकवणार नाही," बाई म्हणाल्या. "लोखंड वितळवताना मी परवा पहिल्यांदा बघितलं. तुम्हाला मी काय शिकवू?"

"मग कोच म्हंजे काय?"

"कोच कडेला उभा राहून बघतो. आणि खेळणाऱ्याला स्वतःचं जे दिसत नाही, ते त्याच्या लक्षात येईल असं काहीतरी विचारतो."

रंगरावनं मांडीवर थाप मारली आणि म्हणाला, "असं सांगा की मग! तालमीतला वस्ताद! म्हंजे तुम्ही वस्तादबाई!"

त्या दिवसापासून बाईंचं तेच नाव पडलं. पुढं ऑफिसातली माणसंसुद्धा फोनवर "वस्तादबाई आल्यात का खाली?" असं विचारायला लागली.

मी, सर्जेराव चौगुले, तेव्हा भट्टी आणि ओतकामाचा फोरमन होतो. कोल्हापूरच्या बाहेर आमची मध्यम आकाराची फाउंड्री होती, पंपांचे सुटे भाग ओतायची. रंगराव मगदूम माझ्या हाताखाली मुख्य भट्टीवर होता. हाताखाली हे म्हणायचं म्हणून. आम्ही एका गावचे, एका बाकावर शिकलेले. फाउंड्रीत लागलो तेही एकदमच. मी पुढं फोरमन झालो आणि तो भट्टीवर राहिला, कारण त्याला भट्टी सोडायचीच नव्हती. दोनदा साहेबांनी विचारलं होतं. "खुर्चीवर बसून माझं ढुंगण दुखतंय," असं सांगून त्यानं दोन्ही वेळा नाही म्हटलं. भट्टीच्या ओट्यावर आत बघायचा निळा चष्मा लावून उभा राहिला की तो त्या जागेचा मालक असल्यासारखा दिसायचा. नवी माणसं त्याला बघायला थांबायची.

बाई यायच्या आधीच्या उन्हाळ्यात आमचा अनंत कुंभार गेला. वितळलेल्या लोखंडाला आम्ही रस म्हणतो. साचा आतून ओलसर राहिला होता, त्यात रस पडला, वाफेनं साचा फुटला आणि रस अनंतच्या अंगावर आला. साचा नीट सुकलेला नाही, हे शेजारच्या दोघांना दिसलं होतं. पण कुणी तोंड उघडलं नाही. काम थांबवणाऱ्याला आमच्याकडं शिव्या बसायच्या. त्या देणाऱ्यांत मीही होतो. फोरमननं ओरडायचंच असतं, असं मी माझ्या फोरमनकडून शिकलो होतो.

अनंतनंतर भिंतीवर पाट्या लागल्या, भाषणं झाली, एक सिनेमाही दाखवला. कुणाच्या वागण्यात काही फरक पडला नाही. मग मालकांनी बाईंना आणलं.

बाईंचं जास्त काम माझ्याबरोबर असायचं. त्या दिवसभर माझ्या मागं फिरायच्या आणि संध्याकाळी विचारायच्या, "आज तुम्ही कितीजणांवर ओरडलात?" मी हसण्यावारी न्यायचो. त्या हसायच्या नाहीत. "त्यातल्या कुणी उलट काही सांगितलं का?" कुणी सांगितलेलं नसायचं. हळूहळू मला ते बोचायला लागलं. मी ओरडायचं कमी केलं. सुरुवातीला लोकांना वाटलं माझी तब्येत बिघडली आहे.

पण खरोखर बदल दिसायला लागला. ओतकामातल्या एका माणसानं आपणहून हात वर करून "साचा गार लागतोय, थांबा," असं सांगितलं. क्रेन चालवणारा इस्माईल मुजावर वरून खाली उतरून मला म्हणाला, "चौगुले, साखळीचा आवाज मला बरा वाटत नाही." एरवी तो मला टाळायचा. साखळी काढली तर एक कडी तडकलेली. त्या दिवशी मी घरी जाताना गाडीवर गाणं म्हणत होतो आणि मागं बसलेला रंगराव माझ्या पाठीवर ताल धरत होता.

त्याच्या पुढच्या आठवड्यात बाई म्हणाल्या, "आज एक माणूस निवडा. चहाची सुट्टी होईपर्यंत त्याच्याकडं नुसतं बघा. बोलू नका, सुधारू नका, चूक शोधू नका. फक्त बघा."

मी रंगरावला निवडलं. वाटलं, त्याच्याकडं बघायला अवघड काय आहे?

लांबच्या खांबाला टेकून मी बघत राहिलो. तो भंगार टाकत होता, लांब सळईनं रसावर आलेली मळी ओढत होता. हात तेच, चाल तीच. पण थोड्या वेळानं मला एक गोष्ट दिसली, आणि दिसल्यावर तेवढीच दिसायला लागली. प्रत्येक हालचालीच्या आधी तो मान वळवत होता. नुसती नजर नव्हे, अख्खी मान. आधी डावीकडं पार खांद्यापर्यंत, मग उजवीकडं. सळई उचलायची तरी मान. बाटलीतलं पाणी प्यायचं तरी मान. पाण्याची बाटली त्याच्या कोपराजवळच होती आणि तो ती हातानं चाचपत होता.

"काय दिसलं?" बाईंनी विचारलं.

"काही नाही. चांगलं काम करतो तो."

"ते मलाही दिसलं. तुम्हाला काय दिसलं?"

मी बुटाच्या टोकानं वाळू उकरत राहिलो. शेवटी सांगितलं.

"का वळवत असतील?" त्या म्हणाल्या.

"मला काय माहीत?"

"मलाही माहीत नाही. माहीत कुणाला आहे?"

संध्याकाळी गावाकडं जाताना मी गाडीचा वेग कमी केला आणि विचारलं, "रंग्या, भट्टीवर सारखी मान का वळवतोस रं?"

मागून लगेच उत्तर आलं. "आखडलीया. उशी बदलाय पायजे." मग त्यानं विषय बदलून गावच्या पाणीपुरवठा संस्थेच्या निवडणुकीवर नेला. मीही तिकडंच गेलो. पण घरी पोचल्यावर जेवताना माझ्या ध्यानात आलं, की वर्ष होत आलं, गाडी मीच चालवत होतो. आधी आम्ही आळीपाळीनं चालवायचो. एके दिवशी त्यानं चावी माझ्या हातात दिली होती, "तूच चालीव, मला मागं बसून झोप काढू दे." मला ते आळसातलं वाटलं होतं.

दोन-चार दिवस असेच गेले. मी पुन्हा विचारलं नाही. त्यानंही उशी बदलली की नाही हे सांगितलं नाही.

मग तो शुक्रवार आला. भट्टीतला रस तयार होता. क्रेननं रस वाहून नेणारी मोठी बादली भट्टीच्या तोंडाखाली आणून धरली. रंगरावनं दोन्हीकडं मान फिरवून बघितलं, हात वर करून खूण केली आणि भट्टी झुकवायचा दांडा ओढला. त्यानं मान फिरवून सरळ केल्यानंतर आणि दांडा ओढण्याआधी, एवढ्या वेळात, डावीकडून मेंटेनन्सचा जोतिराम पक्कड घ्यायला वाकून आत आला. तिथं यायला नको होतं त्यानं. पण तो रंगरावच्या हाताच्या अंतरावर होता. कुणालाही दिसला असता.

रंगरावला दिसला नाही. भट्टी झुकत राहिली.

मी बोंबललो. इस्माईलनं वरून भोंगा दाबला. रंगरावनं दांडा सोडला, भट्टी थांबली, तोवर रसाची एक चिळकांडी बादलीच्या काठावरून उडून जमिनीवर पडली आणि वाळूत फुटाण्यासारखी तडतडली. जोतिराम मागच्या मागं पडला. त्याच्या पँटच्या पायाला भोकं पडली, पोटरीवर दोन फोड आले. एवढ्यावरच निभावलं.

सगळे धावत आले. सगळ्यांनी आधी जोतिरामकडं बघितलं आणि मग माझ्याकडं. आता चौगुले फाडून खाणार, हे प्रत्येकाच्या चेहऱ्यावर होतं. रंगरावच्याही. तो ओट्यावर ताठ उभा होता, शिव्या खायच्या तयारीत. मला वाटतं, त्यालाही त्या हव्या होत्या.

मी भट्टी दुसऱ्याच्या ताब्यात दिली आणि रंगरावला घेऊन मागच्या पाण्याच्या टाकीकडं गेलो. तिथं फुटकं बाकडं होतं. आम्ही बसलो. मी काही बोललो नाही. बाईंकडून मी तेवढं शिकलो होतो. 

बऱ्याच वेळानं मी म्हणालो, "रंग्या, मान का वळवतोस?"

तो टाकीच्या गळक्या नळाकडं बघत होता. "कडंचं दिसत न्हाई," तो म्हणाला. "समोरचं दिसतंय. तुझं तोंड दिसतंय, नळ दिसतोय. पर कडंचं काळं झालंय. बोगद्यातनं बघितल्यासारखं."

"कधीपासनं?"

"मिरजेला जाऊन आलो गेल्या वर्षी. काचबिंदू हाय म्हणाले. गेलंय त्ये परत येत न्हाई. औषधाचे थेंब घालून हाय त्येवढं टिकवायचं. आक्काताईला ठावं हाय, दुसऱ्या कुणाला न्हाई." आक्काताई म्हणजे त्याची बायको. मग त्यानं माझ्या मनगटाला धरलं. "सर्जा, कुणाला बोलू नगंस. मी संभाळतोय. येवढे दिवस संभाळलं का न्हाई?"

त्या वेळी मला दोन गोष्टी करता आल्या असत्या. बरं म्हणता आलं असतं. किंवा फोरमन म्हणून त्याला तिथल्या तिथं भट्टीवरून उतरवता आलं असतं. मी दोन्ही केल्या नाहीत. मी विचारलं, "उद्या परत त्या ओट्यावर उभा राहशील?"

"राहीन."

"आणि जोतिराम परत तिथनं आला तर?"

त्यानं माझं मनगट सोडलं. नळाचं पाणी ठिबकत होतं. तो रडतोय हे मला आधी कळलंच नाही. निळा चष्मा त्यानं अजून काढला नव्हता.

"तूच सांग मी काय करू," तो म्हणाला.

"तुला काय वाटतं?"

आत भोंगा झाला, पाळी सुटली, माणसं हातपाय धुवायला आली आणि आम्हाला बघून दुसऱ्या नळावर गेली.

"सकाळी मीच सांगतो," तो म्हणाला. "सगळ्यांच्या म्होरं. जोतिरामला कळाय पायजे, माझ्यामुळं झालं."

बाईंना मी फक्त एवढंच सांगितलं, की उद्या रंगरावला बोलायचं आहे. त्यांनी काय म्हणून विचारलं नाही. "त्यांच्या शेजारी उभे राहा," असं त्या म्हणाल्या.

सकाळी पाळीच्या सुरुवातीला सगळे गोल करून उभे राहतात, तसे राहिलो. कारखानीस साहेबही जोतिरामची चौकशी करायला खाली आले होते. रंगराव मध्ये आला. भट्टीवर नव्हता तरी त्यानं निळा चष्मा कपाळावर चढवलेला होता. त्यानं जास्त काही सांगितलं नाही. "माझे डोळे कडंनं गेल्यात. मी लपवलं. काल जोतिराम वाचला, त्यो नशिबानं. कुणाला काय हुत आसंल तर लपवू नगा." एवढंच. आणि जोतिरामसमोर हात जोडले.

इस्माईल क्रेनवर न चढता खाली थांबला होता. त्यानं डोक्यावरचं हेल्मेट काढून काखेत धरलं. जोतिराम रंगरावचे जोडलेले हात खाली करायला धडपडत होता. मला वाटलं, अनंतच्या वेळी असं कुणी बोललं असतं तर. मी बाईंकडं बघितलं. त्याही डोळे पुसत होत्या.

आणि मग कारखानीस साहेबांनी टाळ्या वाजवल्या. मनापासूनच वाजवल्या. त्यांचं बघून बाकीच्यांनीही. टाळ्यांचा आवाज पत्र्याला लागून खूप मोठा झाला. रंगराव गोलाच्या मध्ये उभा होता आणि कुठून कुठून आवाज येतोय ते बघायला मान फिरवत होता.

त्याला काढलं नाही. मालक दिलदार होते. पगार तोच ठेवून त्याला गेटवर बसवलं, चांगली खुर्ची दिली, पंखा दिला. साहेबांनी त्याचा फोटो मोठा करून गेटच्या आतल्या फलकावर लावला. खाली लिहिलं होतं, 'खरं बोलण्याचं धाडस.' येता-जाता सगळे तो बघायचे. नवी माणसं रंगरावला ओळखायची ती भट्टीवरचा म्हणून नव्हे, फोटोतला म्हणून. त्याच्या खुर्चीसमोरच होता तो. समोरचं त्याला दिसत होतं.

गाडीवर तो माझ्या मागं बसायचा, पण बोलणं आटलं. निवडणूक नाही, ऊस नाही, काही नाही. मी काही विचारलं की "व्हय" नाहीतर "बघू." एका सकाळी त्याच्या दारासमोर जाऊन मी हॉर्न दिला, तर आक्काताई बाहेर आल्या. पदराला हात पुसत म्हणाल्या, "भाऊजी, ते गेले की वडापच्या जीपनं, मगाशीच." दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मी हॉर्न दिला नाही.

पावसाळा संपायच्या आत त्यानं नोकरी सोडली. मला सांगितलं नाही. गेटवर दुसरा माणूस दिसला तेव्हा कळलं. फलकावरचा फोटो मी त्याच दिवशी उतरवला. मला कुणी काही बोललं नाही.

बाईंचं काम संपलं, तेव्हा निरोपाच्या दिवशी त्या माझ्याबरोबर गेटपर्यंत चालत आल्या. तोवर त्यांना त्यांच्या मापाचे बूट मिळाले होते. रिकाम्या फलकापाशी त्या थांबल्या.

"मगदूमांना भेटता का?" त्यांनी विचारलं.

"गाव एकच आहे. भेट होते. बोलणं होत नाही."

त्या काहीतरी समजुतीचं बोलतील असं मला वाटलं. त्या म्हणाल्या, "टाळ्या वाजल्या तेव्हाच मी थांबवायला हवं होतं. मला वाटलं होतं, जमलं सगळं." आणि पिशवी खांद्यावर घेऊन त्या गाडीत बसल्या.

त्या फाउंड्रीत मी निवृत्त होईपर्यंत होतो. पुढं मालकांनी मला दुसऱ्या फाउंड्र्यांमध्येही पाठवलं, फोरमन लोकांना हे शिकवायला. बघत राहा, ओरडू नका, विचारा. मी रंगरावचं नाव न घेता त्याची गोष्ट सांगायचो. टाळ्यांपर्यंत सांगायचो, आणि तिथं थांबायचो. ऐकणारे खूश व्हायचे. आमच्याकडं अनंतनंतर रसानं कुणी गेलं नाही, हे खरं आहे, आणि ते मी कुणालाही छातीवर हात ठेवून सांगतो. जोतिरामच्या मुलीच्या लग्नात मी अक्षता टाकल्या. रंगरावला आमंत्रण होतं. तो आला नव्हता.

निवृत्त झाल्यावर एकदा बाजारात आक्काताई भेटल्या. "येत जावा की घराकडं," त्या म्हणाल्या. "आता त्यास्नी उजेड आन् अंधार येवढंच कळतंय. कुणी येत न्हाई बोलाय."

मी दुपार कलल्यावर गेलो. तो सोप्यातल्या खाटेवर बसला होता. केस पांढरे, अंग सुटलेलं. मी उंबऱ्यात पाय टाकला तसं, मी काही बोलायच्या आत, तो म्हणाला, "ये सर्जा. बस."

आक्काताईंनी चहा आणला. त्यानं बशीत ओतून घेतला, एक थेंब न सांडता. आम्ही म्हशीचं बोललो. नातवाच्या शाळेचं बोललो. इस्माईल हजला जाऊन आला, ते मी सांगितलं, त्यावर तो मनापासून हसला. कितीतरी वर्षांनी त्याचं हसणं ऐकलं आणि मला वाटलं, आता हरकत नाही. त्यानं माझ्याशी बोलणं का तोडलं, हे इतके दिवस पोटात होतं, ते आता बाहेर काढावं. मी खाटेवर त्याच्याजवळ सरकलो.

"रंग्या, एक विचारू?"

त्याचा चेहरा माझ्याकडं वळला. डोळे माझ्या जरा बाजूला बघत होते.

"नगं," तो म्हणाला. रागानं नाही, अगदी हळू. "बाकी कायबी बोल. रोज ये, जेवून जा. पर विचारू नगंस काय. शिव्या घातल्या असत्यास त्या दिवशी, तर मी भांडलो असतो. थापा मारल्या असत्या, आनि दुसऱ्या दिवशी परत भट्टीवर गेलो असतो. कुणीतरी मेलं असतं माझ्या हातनं, ठावं हाय मला. तू केलंस त्ये बरूबरच केलंस." त्यानं बशी चाचपत खाली ठेवली. "पर तू विचारलंस की मला खरं सांगावं लागतंय, सर्जा. आनि आता जे खरं हाय, त्ये तुला सांगायची माझी इच्छा न्हाई."

मी मान हलवली. मग ती त्याला दिसणार नाही हे लक्षात येऊन "बरं" म्हणालो.

बाहेरून ट्रॅक्टर गेला. यंदा ऊसतोड लवकर येणार म्हणतात, असं काहीतरी मी बोललो. तो म्हणाला, दरवर्षी असंच म्हणतात. मग आम्ही उसाचं बोलत बसलो, आक्काताईंनी दिवा लावेपर्यंत.